रात्री दोन वाजता फोन घरीच यावा म्हणून
किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या पालकांसाठी : दारू आणि नशेविषयी काय शिकायचं, काय बोलायचं, काय करायचं

एका मित्राच्या घरी चार-पाच मुलं जमली आहेत. मोठी माणसं बाहेर गेलेली. त्यातला एक जण जास्त प्यायलाय आणि आता हाका मारूनही उठत नाही. कुणीतरी म्हणतं, "घरी फोन करूया का?" दुसरा लगेच म्हणतो, "वेडा झालास? बाबा सोलून काढतील." मग ठरतं, झोपू दे त्याला, सकाळपर्यंत उतरेल.

अशा 'झोपू दे त्याला'मध्ये मुलं दगावली आहेत. खोलीतल्या एकालाही दारू घातक आहे हे माहीत नव्हतं, असं नाही. शाळेत तक्ते लावले होते, व्याख्यानं झाली होती, घरी धाक होता. माहीत नव्हतं ते एवढंच, की बेशुद्ध माणूस आणि झोपलेला माणूस यांत फरक कसा ओळखायचा. आणि खात्री नव्हती ती याची, की घरी फोन केला तर आधी मदत येईल की आधी शिव्या.

म्हणून नशेविषयीच्या शिक्षणाची माझी कसोटी एकच आहे. जे काही तुम्ही मुलाला शिकवाल, त्यानंतर तो अडचणीत सापडला तर घरी फोन करेल का? खालची प्रत्येक पायरी याच प्रश्नाशी ताडून बघा. मुलाने दारू, तंबाखू, गांजा यांना शक्यतो हातच लावू नये, लावलाच तर जितका उशिरा तितका बरा, हेही मला तितकंच हवं आहे. पण ज्या घरात बोलता येतं, त्याच घरात हे दुसरं साधण्याची शक्यता असते.

पहिली पायरी : सुरुवात पालकांपासून

मुलाशी बोलायच्या आधी एक आठवडा स्वतःची वाक्यं ऐका. "आज डोकं इतकं उठलंय, एक घेतल्याशिवाय बरं वाटायचं नाही." हे वाक्य ज्या मुलाने दहा वर्षं ऐकलं, त्याच्यासाठी दारू हे ताणावरचं औषध ठरून गेलेलं असतं. तुम्ही पित असाल तर लपवाछपवी करू नका, मुलांना कळतंच. पण पिण्याला औषधाचा किंवा मर्दपणाचा मान देऊ नका, प्यायल्यावर गाडीला हात लावू नका, आणि मुलाला बाटली-ग्लास आणायला पाठवू नका.

दुसरं काम औषधांच्या डब्याचं. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या कडक वेदनाशामक गोळ्या, आजीच्या झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, लक्ष केंद्रित होण्यासाठी एखाद्याला दिलेल्या गोळ्या. बऱ्याच घरांत मुलाच्या हाताला लागेल अशी पहिली नशा या डब्यात असते. गोळ्या मोजून कुलपात ठेवा. नको असलेल्या औषधांची विल्हेवाट कशी लावायची ते औषध दुकानात विचारा.

तिसरं काम अवघड आहे. घराण्यात कुणाला व्यसन होतं का, हे मुलाला सांगा. दारूच्या व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानला जातो. काका किंवा आजोबा दारूपायी गेले असतील आणि घरात त्यावर पडदा टाकलेला असेल, तर मुलाला स्वतःचा धोका कळायचा मार्गच बंद होतो. मधुमेह घराण्यात आहे हे आपण सांगतो ना? तितक्याच साध्या आवाजात हेही सांगता येतं. नशिबात लिहिलंय अशा सुरात मात्र नको. "आपल्याकडे हे आहे, म्हणून तुला इतरांपेक्षा जास्त जपावं लागेल," एवढंच.

दुसरी पायरी : घाबरवायचं सोडा

अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस वर्गात येऊन मुलांना नशेचे धोके सांगायचे, मुलं शपथ घ्यायची. बघता बघता तो देशभर पसरला. १९९०च्या दशकात संशोधकांनी त्याचा परिणाम मोजला, तेव्हा कार्यक्रमात बसलेल्या आणि न बसलेल्या मुलांच्या नशेच्या सवयींत जेमतेम फरक निघाला. शेवटी २००९मध्ये 'डेअर'ने स्वतःचा जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि निर्णय घेणं, नकार देणं, अवघड जागेतून बाहेर पडणं अशा कौशल्यांवर आधारलेला नवा घेतला.

भीती का चालत नाही, हे मुलाच्या जागी बसून बघा. तुम्ही सांगितलं, "एकदा ओढलं की आयुष्य संपलं." सोमवारी वर्गात त्याला तोच मित्र दिसतो, ज्याने शनिवारी ओढलं होतं. हसतोय, गणितं सोडवतोय. त्या क्षणी तुमचं ते एक वाक्य खोटं पडतंच, पण त्यासोबत गोळ्या आणि दारू एकत्र घेण्याबद्दल तुम्ही जे खरंखुरं सांगितलं होतं, तेही खोटं पडतं.

म्हणून आधी खरं ते कबूल करा. नशेने सुरुवातीला बरं वाटतं. तसं नसतं तर कुणी केलीच नसती. हे पालकाच्या तोंडून ऐकलं, की मूल पुढचं ऐकायला तयार होतं.

तिसरी पायरी : शरीरात काय होतं ते नीट समजून घ्या

ही पायरी मुलाने आणि पालकाने एकत्र वाचावी असं मला मनापासून वाटतं. पालकांना अनेकदा मुलांपेक्षा कमी माहिती असते, आणि मुलांची माहिती मित्रांकडून आलेली असते.

मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. सुखाची, बक्षिसाची ओढ लावणारा भाग लवकर जोमात येतो. थांब, विचार कर, पुढचं बघ असं सांगणारा कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. या मधल्या काळात मेंदू वेगाने शिकतो. भाषा, वाद्य, पोहणं जसं पटकन शिकतो, तशीच चटकही पटकन शिकतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीवरून १९९७मध्ये निघालेला निष्कर्ष असा होता, की पंधराव्या वर्षाआधी प्यायला लागलेल्यांमध्ये पुढे दारूवर अवलंबून राहण्याचं प्रमाण, एकविशीत सुरुवात करणाऱ्यांच्या जवळपास चौपट होतं. यात घरची परिस्थिती, स्वभाव, आनुवंशिकता यांचाही भाग असणार. तरीही 'आज नाही, नंतर बघू' या टाळाटाळीला केवढी किंमत आहे ते यावरून कळतं. मुलाने कायमची शपथ घेतली नाही तरी चालेल. प्रत्येक पुढे ढकललेलं वर्ष कमाईचं आहे.

आता दारू. "बीअर म्हणजे काय दारू आहे का?" या प्रश्नाचं उत्तर गणितातच द्यावं. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९, की शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. ५ टक्क्यांची ३३० मिलि बीअर : १३ ग्रॅम. १२ टक्क्यांची १५० मिलि वाइन : १४ ग्रॅम. ४० टक्क्यांची ४५ मिलि व्हिस्की, रम किंवा व्होडका : १४ ग्रॅम. तिन्ही सारख्याच. यकृत हे अल्कोहोल तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगाने निस्तरतं आणि तो वेग कशानेही वाढत नाही. कॉफी, थंड पाणी, लिंबू, ओकारी, काही नाही. पाच बीअर म्हणजे ६५ ग्रॅम. हिशेब करा, साडेसहा ते नऊ तास. मध्यरात्रीपर्यंत पिऊन सकाळी सातला दुचाकीवर बसणारा माणूस झोप झाली म्हणून शुद्धीवर आलेला नसतो.

एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून प्यायलं तर कॅफीनमुळे गुंगी जाणवत नाही, पण रक्तातली दारू तेवढीच राहते. आणि "मला चढतच नाही" ही फुशारकी ऐकू आली तर सावध व्हा. कमी चढणं हे अंगातलं बळ नव्हे. ज्यांना कमी चढते अशांना पुढे व्यसन लागण्याचा धोका जास्त असतो, असं दीर्घकाळच्या अभ्यासांत दिसलं आहे. चढत नाही म्हणून ते जास्त पितात, इतकं हे सरळ आहे. कर्करोगाबद्दल बोलायचं, तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच अल्कोहोलयुक्त पेयांना कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि आरोग्याच्या दृष्टीने दारूची कुठलीच मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं. पण सोळा वर्षांच्या मुलाला पन्नाशीतला कर्करोग दिसत नाही. त्याला आज रात्रीचा अपघात, न आठवणारे तास आणि मोबाइलमध्ये कायमचा राहिलेला व्हिडिओ दिसतो. बोलताना तिथून सुरुवात करा.

निकोटीन. सिगारेट असो वा व्हेप (म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट), ओढल्यावर १० ते २० सेकंदांत ते मेंदूत पोचतं. "सिगारेटने टेन्शन जातं" या समजात एक चकवा आहे, आणि तो मुलांना समजावून सांगितला तर फार उपयोगी पडतो. निकोटीन उतरायला लागलं की चिडचिड, अस्वस्थता सुरू होते. पुढची सिगारेट ती अस्वस्थता घालवते. म्हणजे जे टेन्शन गेलं, त्यातलं बरंचसं आधीच्या सिगारेटनेच आणलेलं होतं. व्हेपला फळांचा वास येतो म्हणून ते पाण्याची वाफ ठरत नाही. त्यातल्या निकोटीनच्या क्षारांमुळे घशाला टोचत नाही, त्यामुळे मुलं जास्त ओढतात. २०१९मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली. २,८०० रुग्ण रुग्णालयात आणि फेब्रुवारी २०२०पर्यंत ६८ मृत्यू. मुख्य दोषी निघालं ते बहुतांशी गांजाच्या अर्काच्या, बेकायदा विकल्या गेलेल्या व्हेपमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट. आत काय आहे हे ओढणाऱ्या एकालाही माहीत नव्हतं.

गांजाबद्दल पालक आणि मुलं दोघांचीही टोकाची मतं असतात. "नैसर्गिक आहे" हा युक्तिवाद धोत्र्यालाही लागू होतो, त्यामुळे तो सोडून देऊ. खरी गोष्ट अशी, की गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, पूर्वीपेक्षा बरंच वाढलं आहे. अमेरिकेत जप्त केलेल्या नमुन्यांत ते १९९५च्या सुमारास ४ टक्के होतं, अलीकडे १५ टक्क्यांच्या आसपास. बहुतेक ओढणाऱ्यांना वेड लागत नाही. पण कमी वयात, रोज, आणि तीव्र प्रकारचा गांजा ओढणाऱ्यांमध्ये भास, संशय, वास्तवाशी तुटलेपण यांचा धोका वाढतो, आणि घराण्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर फारच. पोटातून घेतला तर असर यायला अर्धा ते दोन तास लागतात. "काही होतच नाहीये" म्हणून मुलं दुसरा घास घेतात आणि मग दोन्ही एकदम चढतात.

गोळ्यांच्या बाबतीत मी अजिबात मवाळ बोलणार नाही. मित्राने दिलेली, ऑनलाइन मागवलेली सुटी गोळी म्हणजे तिच्यावर छापलेलं नाव खरं असेलच असं नाही. फेंटॅनिल हे अफूसारखं काम करणारं कृत्रिम वेदनाशामक हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र असतं आणि ते बनावट गोळ्यांत सापडलं आहे. त्यात नजरेला किंवा चवीला काहीच फरक जाणवत नाही. आणि दारू, झोपेच्या गोळ्या, अफूपासून बनलेली वेदनाशामकं ही तिन्ही मेंदूला एकच निरोप देतात : श्वास मंद कर. एकेकटी मात्रा कमी असली तरी दोन एकत्र आल्या की श्वास थांबू शकतो. मुलाच्या लक्षात एकच गोष्ट राहणार असेल, तर ही राहावी.

राहिलं हुंगणं. व्हाइटनर, डिंक, थिनर, पेट्रोल, स्प्रे. स्वस्त आणि कुठेही मिळणारं म्हणून लहान वयात हेच आधी हाती येतं. यात पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो, कारण ही द्रव्यं हृदयाला अॅड्रेनलिनबाबत हळवं करून ठेवतात. त्यामुळे एखादं मूल हुंगताना सापडलं तर ओरडू नका, धावत जाऊन पकडू नका. अचानक दचकण्यानेही हृदयाची लय बिघडू शकते. शांतपणे जवळ जा, बाटली दूर करा, खिडकी उघडा, खाली बसवा. हे वाचताना विचित्र वाटेल, पण या एका संयमाने जीव वाचू शकतो.

चौथी पायरी : बोलणं. एकदाच नव्हे, पन्नास वेळा

समोर बसवून केलेल्या तासाभराच्या भाषणाला मी फारसं मानत नाही. गाडीत, भांडी घासताना, चालायला गेल्यावर, म्हणजे डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत अशा जागी, दोन-तीन मिनिटांचं बोलणं जास्त मुरतं. सुरुवात नऊ-दहाव्या वर्षी करा, तेव्हा मूल तुमचं ऐकतं.

सुरुवात प्रश्नाने करावी, पण तो उलटतपासणीचा नको. "तू घेतोस का?" याला 'नाही' हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी, "तुमच्या वर्गात व्हेपचं काय चाललंय? तुला काय वाटतं, मुलं का ओढतात?" मग गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड आहे. मूल एखादं धक्कादायक वाक्य मुद्दाम टाकून बघतं, तुमचा चेहरा बदलतो का ते. चेहरा जागेवर राहिला तर पुढचं वाक्य येतं.

"सगळेच पितात" असं मूल म्हणालं, तर ते खोटं बोलत नसतं, त्याला खरंच तसं वाटतं. किशोरवयीन मुलं इतरांच्या नशेचा अंदाज नेहमीच फुगवून करतात, कारण पिणाऱ्याचा गाजावाजा होतो आणि घरी झोपलेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

"बाबा, तुम्ही कधी घेतली होती का?" हा प्रश्न येणारच. खोटं बोलू नका. रंगवूनही सांगू नका. "घेतली होती. एकदा इतकी, की घरी कसा आलो ते आठवत नाही. आज आठवलं की लाज वाटते त्यापेक्षा भीती जास्त वाटते." एवढं पुरे.

नियम मात्र असावेतच, आणि थोडे. मोकळेपणा म्हणजे सैलपणा असा काही पालकांचा समज असतो. त्यातूनच "बाहेर पिण्यापेक्षा घरी आमच्यासमोर घेऊ दे" ही पळवाट निघते. ऑस्ट्रेलियात १,९०० हून अधिक मुलांना सहा वर्षं पाहून २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांनी दारू दिल्याने संरक्षण मिळतं याचा काहीच पुरावा सापडला नाही. उलट अशा मुलांमध्ये एका बैठकीत भरपूर पिण्याचं आणि पुढे त्रास होण्याचं प्रमाण वाढलेलंच दिसलं.

नियमांना आधार लागतो तो मुलाच्या भरलेल्या दिवसाचा. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्क्यांनी मागच्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं. २०१६मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी खेळ, संगीत, नाच यांच्या वर्गांसाठी कुटुंबांना पैसे दिले, पालकांचे गट बांधले, मुलांनी रात्री बाहेर राहण्याची वेळ ठरवली. एका घराला देश बदलता येत नाही. पण मुलाच्या चार मित्रांच्या पालकांना एकत्र बसवून "आपल्या सगळ्यांच्या घरी परतायची वेळ एकच" हे ठरवणं तर जमेल.

पाचवी पायरी : ही तुझ्यासाठी

आता मुलांशी थेट बोलते.

'नाही' म्हणायला धैर्य लागतं असं सगळे सांगतात. माझ्या मते त्याहून जास्त सराव लागतो. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून ते आधीच ठरवून ठेव. लांबलचक कारण देऊ नकोस, कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. "नको, मला नाही आवडत." पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच आवाजात. "उद्या सकाळी सराव आहे." "मी औषधं घेतोय." हातात स्वतःचं पेय धरून ठेव, रिकामा हात दिसला की ग्लास येतो. आणि ग्लास खाली ठेवून गेलास तर परत आल्यावर तो पिऊ नकोस, नवीन घे.

निघून जाणं हेही उत्तरच आहे, आणि त्यासाठी घरच्यांशी एक खूण ठरव. एखादा साधा शब्द किंवा चिन्ह. तू ते पाठवलंस की पाच मिनिटांत आईचा फोन येईल, ती रागावून म्हणेल, "आत्ताच्या आत्ता घरी ये." तू मित्रांसमोर तोंड वाकडं कर, आईला दोष दे, आणि नीघ. आईला त्याचं वाईट वाटणार नाही.

ज्याने घेतली आहे त्याच्या गाडीवर बसू नकोस. तो कितीही ठीक दिसला तरी. तूच घेतली असशील तर तुझ्याही नाही.

सहावी पायरी : तातडीची वेळ. ही दोघांनीही पाठ करावी

झोपलेला माणूस हाक मारल्यावर, खांदा हलवल्यावर, चिमटा काढल्यावर काहीतरी प्रतिसाद देतो. जो देत नाही तो बेशुद्ध आहे. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर, घोरल्यासारखा किंवा गुरगुरणारा आवाज, निळसर वा राखाडी ओठ आणि नखं, थंडगार चिकट अंग, झटके, शुद्ध नसताना होणारी उलटी. यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णवाहिका बोलवा. सगळी लक्षणं जमा व्हायची वाट पाहू नका. प्यायचं थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते, म्हणजे अर्ध्या तासाने तो आतापेक्षा वाईट असू शकतो.

एकटं सोडू नका. कुशीवर वळवा : वरचा गुडघा पुढे दुमडून, हात गालाखाली, डोकं किंचित मागे, तोंड खालच्या बाजूला, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. काही खाऊ-पिऊ घालू नका, बोटं घालून ओकारी काढू नका, अंघोळ घालू नका, चालवू नका. श्वास नेहमीसारखा चालत नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि श्वास मंद असेल तर अफूवर्गातली नशा असू शकते. त्यावर नॅलॉक्सोन हे उतारा देणारं औषध आहे, पण त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, म्हणून ते दिल्यावरही रुग्णालयात नेलंच पाहिजे.

डॉक्टरांना खरं सांगा. काय घेतलं, किती, कधी. उरलेली बाटली किंवा गोळी सोबत न्या. इथे लपवलेलं अर्धं वाक्य महागात पडतं.

आणि पालकांनो, फोन आला तर तुमची वाक्यं दोनच : "कुठे आहेस? मी निघाले." गाडीत प्रश्न नाहीत, रात्री भाषण नाही. सकाळी बोलायचं, आणि बोलायचं नक्की. परिणामही असावेत, काही आठवडे बाहेर जाणं बंद, गाडीची किल्ली परत. पण शिक्षा नियम मोडल्याची असावी, फोन केल्याची नव्हे, आणि मुलाला हा फरक शब्दांत सांगावा : "तू फोन केलास हे बरोबर केलंस. पिण्याबद्दल आपण आता बोलणार आहोत."

सातवी पायरी : शंका आली, किंवा काही सापडलं

चिडचिड, दार बंद करून बसणं, उशिरा उठणं हे सगळं नशेशिवायही या वयात होतं. बघायचं ते एकदम झालेल्या बदलाकडे. जुने मित्र अचानक सुटले, खेळ सोडला, गुण घसरले, पैसे नाहीसे होतायत, डोळे लाल किंवा अंगाला अनोळखी वास, अशा तीन-चार गोष्टी एकाच महिन्यात आल्या तर बोला. त्यामागे नशा नसून नैराश्य असू शकतं, कुणीतरी छळत असेल. दोन्ही एकत्रही असतात. बऱ्याच मुलांसाठी नशा हा मनाच्या दुखण्यावर स्वतःच शोधलेला लेप असतो. जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

खोलीत काही सापडलं तर त्याच क्षणी तोफ डागू नका. दोघे पालक आधी आपसांत बोला, एकाने सांभाळायचं आणि एकाने फटकारायचं ही वाटणी टाळा. मुलाने नशा केलेली असेल त्या वेळी बोलण्यात अर्थ नाही. नंतर : "हे मला तुझ्या कपाटात मिळालं. मी घाबरलेय. मला समजून घ्यायचंय." घरच्या घरी लघवीची चाचणी घेण्याचा मोह होतो, पण अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही त्याला विरोध करते. चाचणी चुकते, मुलं ती चुकवतात, आणि उरलेला विश्वासही जातो.

परिस्थिती किती पुढे गेली आहे याचा अंदाज घ्यायला डॉक्टर १९९९मध्ये मांडल्या गेलेल्या एका छोट्या प्रश्नावलीचा वापर करतात. तिचा गाभा असा : नशेतल्या कुणाच्या, किंवा स्वतःच्याच, गाडीवर बसलास का? मन हलकं व्हायला किंवा गटात सामावायला घेतोस का? एकटा असताना घेतोस का? घेतल्यावर काय केलं ते विसरलास का? घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का? त्यापायी अडचणीत आलास का? दोन किंवा जास्त 'हो' आले तर तज्ज्ञाकडे जायचं. हे प्रश्न मुलाने डॉक्टरांसमोर एकट्याने सोडवावेत, तुम्ही बाहेर थांबा.

रोज पिणाऱ्या किंवा झोपेच्या गोळ्या नियमित घेणाऱ्याला "आजपासून बंद" म्हणून खोलीत कोंडू नका. अचानक थांबवल्याने झटके येऊ शकतात, ते जीवघेणे ठरू शकतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

उपचाराची जागा निवडताना विचारा : इथे मानसोपचारतज्ज्ञ आहेत का? किशोरवयीन मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवता का? घरच्यांना सत्रात बसवता का? मुलाला कधी भेटता येईल? भेटूच देणार नाही, मारून सुधारतो, बांधून ठेवतो असा सूर आला तर तिथून उठा. या वयात कुटुंबाला सोबत घेणारे उपचार चांगले लागू पडतात. तुमच्या स्वतःसाठीही आधार शोधा. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी १९५१पासून चालू असलेल्या अल-अॅनॉनच्या सभा अनेक ठिकाणी भरतात.

पुन्हा घसरण होऊ शकते. तेव्हा "सगळं पाण्यात गेलं" म्हणू नका. नेमकं कशामुळे घसरला हे शोधा : कुठली जागा, कुठला मित्र, कुठला दिवस. एक धोका मात्र मुलाला आधीच सांगून ठेवा. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे जुन्याच प्रमाणात पुन्हा घेतलं तर, विशेषतः अफूवर्गातली नशा, जीव जाऊ शकतो.

या सगळ्या धावपळीत घरातल्या धाकट्याकडे कुणाचं लक्ष नसतं. त्याने भिंतीपलीकडून सगळं ऐकलेलं असतं, आणि आपण आणखी त्रास द्यायचा नाही असं ठरवून तो शहाण्यासारखा वागत असतो. त्याच्याजवळ जाऊन बसा. दादाला काय झालंय ते त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगा, यात त्याची काही चूक नाही हेही सांगा. ती खुणेची गोष्ट त्याच्याशीही ठरवा. शब्द त्यालाच निवडू द्या.